घाट चढणारे पाय ९० किमी सपाटीवर का संपतात? (सातारा, हाफ ट्रायथलॉनची तयारी)

यवतेश्वरचा_वारा (जून)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं, आज पहिली पाळी करून आलोय, पाऊस लागलाय, सायकल बाहेर काढता येत नाही म्हणून बसलो लिहायला. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

वय ४३, राहणार सातारा, एमआयडीसीत पाळीची नोकरी. गेल्या वर्षी गोव्यात हाफ ट्रायथलॉनला उतरलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १.९ किमी समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन लगेच ९० किमी सायकल आणि सायकल ठेवून लगेच २१.१ किमी पळायचं. सगळं मिळून साडेआठ तासात, आणि सायकल संपवून साडेपाच तासाच्या आत परत यावं लागतं नाहीतर पळायला सोडत नाहीत. मी पोहून १ तास ४ मिनिटात बाहेर आलो, सायकलला ४ तास ५ मिनिटं लागली, आणि पळताना १६ व्या किलोमीटरला वेळ संपली. मांड्या अशा आवळल्या होत्या की शेवटचे चार किमी चालतच होतो.

मला झोप येऊ देत नाही ती गोष्ट अशी की सायकल हा माझा सगळ्यात जमेचा भाग होता. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट मी आठवड्यातून दोनदा चढतो, रविवारी कास करून येतो, म्हणजे जाऊन येऊन ५० किमी. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, कधी पुढं महाबळेश्वर उतरून केळघर मेढ्याने परत. पाच वर्षं हेच केलंय. पुण्याची मंडळी इथं घाट मारायला येतात तेव्हा त्यांच्या बरोबरीने चढतो. आणि गोव्यातला तो रस्ता बराचसा सपाट, छोटे चढ सोडले तर घाट नाहीच. तिथं माझे पाय ६० व्या किलोमीटरला संपले. साताऱ्याच्या माणसाचे पाय सपाटीवर संपावेत हे मला पटतच नाहीये.

सरावाचा हिशोब देतो. पोहणं आठवड्यात दोनदा, पंचवीस मीटरच्या तलावात, साधारण १२०० मीटर. पळणं तीनदा, अजिंक्यताऱ्याचा रस्ता आणि चार भिंती, रविवार सोडून. सायकल तीनदा, सगळी घाटात. सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव पूर्ण तयारीत दोनदा केला फक्त.

यंदा परत उतरायचंय, चार-साडेचार महिने आहेत. ज्यांनी केलंय त्यांनी चुकतंय कुठं ते सरळ सांगा, वाईट वाटणार नाही.

घाटवाट

दादा तुमचं लिहिलेलं वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. एक काम करा, कासच्या राइडचा घड्याळातला डेटा उघडा आणि बघा की एकूण वेळातला किती वेळ तुम्ही प्रत्यक्ष पायडल मारत होता. परतीला घाट उतरताना पाय मोकळेच असतात ना, ब्रेक धरून बसलेलो असतो आपण. म्हणजे अडीच तासाच्या राइडमधे पाऊण तास विश्रांती मिळते आणि ती आपल्याला विश्रांती वाटतच नाही कारण सायकल तर जोरात पळत असते.

सपाटीवर ही विश्रांती नाही. पायडल थांबलं की वेग गेला. साडेतीन तास एकसारखं मारत राहायचं, तेही एकाच बैठकीत. घाटात आपण उठतो, बसतो, हँडल बदलून धरतो, कंबर मोकळी होते.

दुसरं म्हणजे वारा. चढावर वेग १०-१२ चा, तिथं सगळी ताकद वजन वर न्यायला जाते, वाऱ्याचा अडथळा नावाला. सपाटीवर २८-३० ला उलटं, बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. आणि ही हवा सरळ हिशोबाने वाढत नाही, २५ वरून ३० वर जायचं तर वाऱ्यासाठी लागणारी ताकद पावणेदोन पट होते जवळजवळ. तुम्ही घाटात बसता तसे छाती वर काढून ९० किमी बसला असाल तर अर्धी मेहनत छातीवरच्या वाऱ्याला दिलीत. कोपरं वाकवून, पाठ खाली घेऊन तासभर बसायचा सराव हा वेगळा सराव आहे, मान आणि कंबर तक्रार करणार, तरी करायचा.

यवतेश्वरचा_वारा

आत्ताच बघितलं. मागच्या रविवारी कास, एकूण २ तास ३८ मिनिटं, पायडल फिरत होतं १ तास ५१ मिनिटं. दोन वेळा बघितलं खात्रीसाठी. पाच वर्षात हे कधी तपासलं नव्हतं. खूप आभार, कोणीच एवढं नीट सांगितलं नव्हतं मला.

कृष्णाकाठ

सांगलीतून लिहितोय. आमच्याकडं दंडोबाचा डोंगर सोडला तर चढच नाही म्हणून आम्ही कायम साताऱ्याकडं बघून हळहळतो, आणि तुम्ही सपाट रस्ता शोधताय! तुमच्याजवळ कोरेगाव रहिमतपूर आहे की. सातारा-कोरेगाव-रहिमतपूर-सातारा असा पन्नास-साठ किमीचा फेरा बसतो. थोडे उंचवटे आहेत पण मोठा घाट नाही. कोरेगावातून पुसेगावकडं मात्र वळू नका, वर्धनगडाचा घाट लागतो आणि तुम्ही परत तिथंच रमाल.

पद्धत सांगतो. पहिला महिना तासभर एकाच लयीत, मिनिटाला पायडलचे ८५-९० फेरे, श्वास एवढाच लागला पाहिजे की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. घाटवाल्यांना जड गिअर ६० फेऱ्यांनी दाबायची सवय असते, मांडी त्यानंच आवळते. मग दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत साडेतीन तासापर्यंत जायचं. उतार आला तरी पाय थांबवायचे नाहीत.

आणि एक कळकळीची विनंती. नोव्हेंबरपासून ऊस सुरू झाला की पहाटे अंधारात बाहेर पडताना हजारदा विचार करा. दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. माझा जोडीदार आष्ट्याच्या रस्त्याला असाच थांबलेल्या ट्रॉलीवर मागून गेला, गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा महिने घरी. रस्त्यावर पडलेल्या कांड्यांवरून चाक सटकतं ते वेगळंच. हंगामात आम्ही उजाडल्याशिवाय निघतच नाही.

माहुलीकर

मी ६४ वर्षाचा आहे, ट्रायथलॉन वगैरे कधी केलं नाही, पण पन्नास वर्षं पोहतोय आणि शेकडो पोरांना पोहायला शिकवलंय म्हणून पोहण्याबद्दल लिहितो. १.९ ला १ तास ४ मिनिटं म्हणजे शंभर मीटरला तीन मिनिटं वीस सेकंद. तुम्ही विहिरीत शिकलाय का? मला तसा संशय येतोय.

आपल्याकडं पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून ढकलून द्यायचे, पोरगं तरंगायला शिकायचं, पण डोकं पाण्याबाहेर ठेवून. विहिरीत ते बरोबरच आहे, कोण वरून उडी टाकतंय ते बघावं लागतं, गोल फिरावं लागतं. पण डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, माणूस पाण्यात तिरका होतो, आणि तिरका माणूस पाणी ढकलत जातो. मग पाय जास्त मारतो. तुमच्या मांड्या सायकलवर संपल्या नाहीत, त्याची सुरुवात पाण्यात झाली.

नजर सरळ तळाकडं ठेवा, श्वास घेताना एक डोळा पाण्यातच राहिला पाहिजे, आणि श्वास पाण्यात पूर्ण सोडा. दम लागतो तो हवा कमी पडते म्हणून नव्हे, आतली बाहेर टाकलेली नसते म्हणून. पाय नुसते हलते ठेवा, मारू नका. महिनाभर अंतराचा विचार सोडून द्या. तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला कमी हातात जायचं, हात मोजायचे. पंचवीस मीटरला ३० हात लागत असतील तर २२ वर आणा.

यवतेश्वरचा_वारा

काका, विहिरीतच शिकलोय, लिंबजवळ मामाच्या शेतात. तुम्ही लिहिलंय ते वाचताना अंगावर काटा आला. मोजून सांगतो.

सदरबझार_रनर

मी दोन ऑलिंपिक अंतराच्या केल्यात (१.५ किमी, ४० किमी, १० किमी), हाफ अजून नाही. सगळ्यांनी सायकल-पोहण्याचं छान लिहिलंय पण दादा तुमचा खरा घोटाळा सरावाच्या हिशोबातल्या शेवटच्या वाक्यात आहे असं मला वाटतं, सायकलवरून उतरून पळायचा सराव फक्त दोनदा. तो दर आठवड्याला पाहिजे, लांब नको, तासभर सायकल आणि लगेच १५ ते २० मिनिटं पळणं पुरे. पहिले दोन-तीन किमी पाय लाकडाचे वाटतात आणि गंमत म्हणजे वेग कळत नाही, सायकलच्या वेगाची डोळ्याला सवय झालेली असते त्यामुळं आपण हळू पळतोय असं वाटून माणूस जोरात सुटतो. मी पहिल्या शर्यतीत तशीच सुटले आणि सहाव्या किमीला रडले. आता पहिला किमी मुद्दाम घड्याळ बघून अर्धा मिनिट हळू काढते.

अजून एक, सगळं पळणं अजिंक्यताऱ्यावर करू नका. उतरताना मांडीला जो मार बसतो तो दोन दिवस जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच मांड्या घेऊन यवतेश्वर चढताय.

आणि बायकांसाठी लिहिते कारण इथं वाचणाऱ्या बऱ्याच जणी असतील. पहाटे पाचला एकटीने कोरेगाव रस्ता मला जमत नाही आणि जमवायचाही नाही. डबे, शाळा उरकून माझा सराव साडेनऊला सुरू होतो. आठवड्यात दोन दिवस घरातच ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल मारायचा स्टँड) मागचं चाक बसवून सायकल मारते, पंखा लावून, खाली टॉवेल घालून. सपाटीच्या सरावाला ट्रेनरसारखी गोष्ट नाही, तिथं उतारच नसतो. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. ललिता बाबर माणमधल्या मोही गावातून निघाली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमधे स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला दहावी आली. ती पळायची तेव्हा माणमधे कुठला ट्रॅक होता. आहे त्यात बसवायचं असतं.

शेतकरी_सायकलस्वार

ट्रेनरला +१. पण घाट सोडा असं कोणी म्हणत असेल तर मी विरोध करणार. घाटानं जी ताकद येते ती सपाटीवर फुकट जात नाही. पसरणीचा घाट साधारण १२ किमी, चढ एकसारखा आहे, कुठं भिंत उभी राहत नाही. तिथं मागं मोठं चाक टाकून, बसूनच, ८० च्या वर फेरे ठेवून चढा, एकदाही उभं न राहता. जोडीला वाई-सुरूर, वाई-धोम असे सपाट तुकडे घ्या. आठवड्यात एक घाट ठेवा, तीन नको.

डॉक्टर_शाहूपुरी

व्यवसायाने डॉक्टर, हौशी सायकलस्वार. मांडी आवळण्याबद्दल दोन शब्द. तुम्ही सायकलवर काय खाल्लं प्यायलं ते लिहिलं नाहीत, ते लिहा.

यवतेश्वरचा_वारा

डॉक्टर, दोन बाटल्या साधं पाणी, दोन केळी, एक चिक्की. पळताना प्रत्येक ठिकाणी पाणी पीत होतो.

डॉक्टर_शाहूपुरी

मग उत्तर तिथंच आहे बरंचसं. चार तासात मिळून ७०-८० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली. एवढ्या लांबच्या मेहनतीला तासाला ६० ग्रॅम धरून चाला, सराव असेल तर त्याहून जास्तही पचतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. ७५० मिली पाण्यात ४५ ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि लिंबू पिळा, आणि वर तासाला एक राजगिऱ्याचा लाडू किंवा केळं. महागडी पाकिटं नाही घेतली तरी चालतं. पण हे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करू नका, पोटालासुद्धा सराव लागतो, दर रविवारी हेच घ्या.

साधं पाणी भरमसाट पिणं धोक्याचं आहे. घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखणं, मळमळ, भ्रम आणि प्रसंगी जिवावर बेतणं. तुमचा घाम किती जातो ते घरी मोजा. राइडच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा, एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा. साताऱ्याच्या कोरड्या थंड पहाटेचा आकडा गोव्याच्या दमट हवेला लागू होत नाही, म्हणून दुपारी अकरा-बारालाही एकदोनदा मोजा.

आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आधी हृदयाची तपासणी करून घ्या. ट्रायथलॉनमधे जे मृत्यू होतात त्यातले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात. पाण्यात छातीत दडपल्यासारखं वाटलं तर हात वर करून होडीला बोलवायचं, कमीपणा मानायचा नाही.

नवीन_गडी

सगळं वाचून काढलं, भारी धागा. एक विचारतो, मी खटावचा, आमच्याकडं तलाव नाही, भावाच्या रानात मोठं शेततळं आहे, चाळीस मीटर लांब. तिथं सराव केला तर चालेल का?

माहुलीकर

नाही. बाळा, अजिबात नाही. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं, कडा तिरक्या. पट्टीचा पोहणारा सुद्धा बाहेर येऊ शकत नाही, हात सटकतो, पाय सटकतो, दमून जातो. दरवर्षी आपल्या भागात पोरं जातात अशी. आमच्या भावकीतली दोन सख्खी भावंडं गेली, एक दुसऱ्याला काढायला उतरला होता. कागदावर दोर आणि टायर बांधून ठेवलेलं असलं तरी सरावाला तिथं उतरू नकोस. आठवड्यातून एकदा साताऱ्याला ये, मी शिकवतो, पैसे नाहीत.

कृष्णाकाठ

काकांना अनुमोदन. आणि नदीचंही ऐका. आम्हाला सांगलीत दारात कृष्णा आहे तरी आम्ही उतरत नाही, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेत. पावसाळ्यात वरून धरणाचं पाणी सोडलं की बघता बघता पातळी चढते.

यवतेश्वरचा_वारा (ऑगस्ट)

दोन महिन्यांनी येतोय. पंचवीस मीटरला हात ३१ लागत होते, आता २३. काकांकडं मंगळवार-शुक्रवार जातो. पहिले पंधरा दिवस नुसतं पोट खाली करून तरंगवत ठेवलं त्यांनी मला, डोकं आत घातल्यावर पाय आपोआप वर आले तेव्हा पाण्यात असूनही ओरडावंसं वाटलं. शंभर मीटर २:५० वर आलंय, आणि बाहेर आल्यावर पायात दम शिल्लक असतो.

पाऊस एवढा आहे की घाट बंदच. यवतेश्वरला दरड येते, धुकं असतं, मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसत नाही. आणि फुलं सुरू झाली की कासचा रस्ता शनिवार-रविवार गाड्यांनी भरतो, त्यामुळं तिकडचं तसंही थांबलं असतं. ट्रेनर घेतला जुना. सदरबझार ताई, तुमचे शब्द लक्षात ठेवून रात्रपाळीवरून आल्यावर दीड तास बसतो. पहिल्यांदा चाळिसाव्या मिनिटालाच कंबर बोलायला लागली, कारण पाय क्षणभरही थांबत नव्हते, घाटवाट म्हणाले तेच. सीट सेंटिमीटरभर वर घेतली तेव्हा गुडघ्याचं दुखणं गेलं.

घामाचा आकडा, पहाटे तासाला ६०० मिली, दुपारी पंख्याशिवाय ११००. म्हणजे गेल्या वर्षी मी काय करत होतो ते आता कळतंय.

यवतेश्वरचा_वारा (ऑक्टोबर)

कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जाऊन आलो, काका आणि माझा मेहुणा होडीत, कमरेला भगवा फुगा बांधून मी पाण्यात. तलावात कधी न झालेलं झालं, शंभरेक मीटर आत गेल्यावर तळ दिसेना आणि श्वास अडकला. छाती धडधडायला लागली. उताणा झालो, आकाशाकडं बघत पन्नासपर्यंत मोजलं, काका होडीतून नुसतं "आहे मी, आहे मी" म्हणत होते. मग परत पालथा झालो. दर दहा हातांनी मगरीसारखे डोळे फक्त पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावरची नारळाची झाडं बघायची, नाहीतर लाट कुठल्या कुठं नेते. १५०० मीटर केलं त्या दिवशी. मानेला व्हॅसलिन लावायला विसरलो, खाऱ्या पाण्यानं सोलून निघाली, दोन दिवस कॉलर लागत होती. दुसऱ्या दिवशी परत उतरलो, तेव्हा श्वास नाही अडकला.

कोरेगाव-रहिमतपूर फेरा दीडदा, ८८ किमी, ३ तास २२ मिनिटं, उतरून ५ किमी पळालो. लिंबू-साखर-मीठ आणि आईनं केलेले राजगिऱ्याचे लाडू. मांड्या आवळल्या नाहीत.

यवतेश्वरचा_वारा

मंडळी, झालं. पोहणं ५२ मिनिटं. सायकल ३ तास २५. पळणं २ तास ५०. मधले कपडे-बूट बदलणं धरून ७ तास २२ मिनिटं.

सायकलवर ६० वा किमी आला तेव्हा मुद्दाम पायांकडं लक्ष दिलं, होते तिथंच. पळताना १६ व्या किमीच्या फलकाला हात लावून पुढं गेलो. फिनिशनंतर पहिला फोन आईला, दुसरा काकांना. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले डोकं खाली ठेवलंस ना शेवटपर्यंत.

तुम्हा सगळ्यांचं मेडल आहे ते.

सदरबझार_रनर

वाचताना डोळे भरले दादा. मनापासून अभिनंदन!! मी पुढच्या वर्षीची हाफ नक्की केली. रविवारच्या सपाट राइडला मला चालेल का यायला?

नवीन_गडी

लय भारी दादा. मी पण येणार, काकांनी मला २०० मीटरपर्यंत आणलंय. कुठं भेटायचं?

यवतेश्वरचा_वारा

या की दोघंही. वाढे फाट्याच्या पुलाखाली, ऊस सुरू झालाय त्यामुळं पाचला नाही, उजाडल्यावर पावणेसातला. हेल्मेट, मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू, एक जास्तीची ट्यूब आणि हवेचा पंप. लिंबू-साखरेचं पाणी मी तिघांचं आणतो.